दात पडलेलं चाक

अगं, जवळ सरक जरा. तू समोर नाहीस हे मला कळतं, पण मला लिहिता येतं ते बोलल्यासारखंच, तेव्हा तू जवळ सरकलीस असं धरून चालते. आणि आधी रागावून घेते. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, ते पायानं चालवायचं शिलाईचं भंगार देऊन टाक. एक्स्चेंजमध्ये मोटरवालं घेऊ, बटण दाबलं की झालं." भंगार म्हणालीस. मी विचार करते म्हटलं तर वर म्हणालीस, "त्यात एवढा विचार कसला करायचा?"

विचार कसला ते सांगते. मी एकदा चांगला आठ दिवस विचार करून जुनं दिलं होतं आणि नवं घेतलं होतं. ते अजून माझ्या कानातून गेलेलं नाही. तुझ्या आईनं हे तुला सांगितलं नसणार. ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिला यातलं अर्धंच ठाऊक आहे.

तिला जन्म मी दिला नाही, हे तुला माहीत आहे. मी चिंचवडला आले ती दुसरेपणाची. माझ्या आधीची दोन वर्षांपूर्वी तापानं गेली होती. घरात तिला थोरली म्हणायचे आणि मला धाकटी. ती जिवंत नव्हती एवढंच, बाकी घरात होतीच. देव्हाऱ्यात तिचा चांदीचा टाक होता, बोटाच्या पेराएवढा, बाईची आकृती ठोकलेला. माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी तिच्या नावाची पुतळी होती, ती लग्नातच घातलेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं ती घालायचीच, म्हणजे पहिली शांत राहते असं म्हणायचे. नवं लुगडं आलं की आधी तिच्या टाकापुढं ठेवायचं, मग मी नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला. मोसमातला पहिला आंबा आधी तिला. मी अठराची होते. चुलीपाशी बसले तरी मागं कुणी उभं आहे असं वाटायचं. उभी असलेली बाई वाईट नव्हती, पण ती जात नव्हती.

आणि तुझी आई. ती मला कशानंच हाक मारायची नाही. आई नाही, मावशी नाही, काही नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची. मी ओळखायचं. पाणी का? भाकरी का? फणी का? मान हलवायची. मला त्या पोरीच्या तोंडून एक हाक हवी होती. कसलीही चालली असती.

त्या वर्षांत पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहिला होता. कालपर्यंत जिथं मेंढरं चरायची तिथं भोंगा वाजायला लागला. तुझे आजोबा तिथं लागले. सासूबाईंना त्या भोंग्याचा फार राग. म्हणायच्या, "भोंगा झाला की जेवायचं. आन भूक न्हाई का मानसाला आपली आपल्याला कळत?" पण भोंगा झाला की त्याच पहिल्यांदा दारात जाऊन रस्त्याकडं बघायच्या.

घरात एक शिवायचं मशीन होतं, हाताचं. थोरलीनं माहेराहून आणलेलं. काळं, पोटावर सोनेरी वेलबुट्टी, तीही झिजून अर्धी गेलेली, वर लाकडी झाकण. उजव्या हातानं दांडा फिरवायचा, डाव्यानं कापड सरकवायचं. त्याच्या दातेरी चाकाचा एक दात कधीतरी पडला होता, त्यामुळं दर फेऱ्याला ते अडखळायचं. खर्र खर्र खर्र, कट्ट. खर्र खर्र खर्र, कट्ट. सासूबाई म्हणायच्या, "लंगडं हाय, पन आपलं हाय."

दुपारी मी शिवायला बसले की तुझी आई बाहेर पायरीवर यायची, दाराच्या चौकटीला पाठ टेकून डोळे मिटून बसायची. मला वाटायचं पोर पेंगते. आत येऊन नीज म्हटलं तर मान हलवून नाही म्हणायची. मी जास्त विचारलं नाही. आता वाटतं, तेव्हा विचारायला हवं होतं.

तर कारखान्यातल्या माणसांना पांढऱ्या टोप्या लागायच्या, केस झाकायला. त्या शिवायचं काम बाहेर द्यायचे. आमच्या आळीत रत्नागिरीकडची एक बाई होती, तिनं ते धरलं होतं. एक गठ्ठा मलाही मिळाला. टोपीची शिवण गोल. एका हातानं गोल शिवण म्हणजे काय विचारू नकोस. कापड पळायचं, मध्येच ते चाक कट्ट करायचं आणि टाका वाकडा. दहातल्या चार टोप्या परत आल्या. त्या बाईनं पायाचं मशीन घेतलं होतं. मला म्हणाली, "दोन्ही हात मोकळे होतात गो बाय. बसून तरी बघ."

बसले. पाय मारला तर चाक उलटं फिरलं, दोरा तुटला, सुईखाली गुंता. ती पोट धरून हसली. म्हणाली, "सगळ्यांचं पहिल्यांदा उलटंच फिरतं. दोरा काढ आणि रद्दी कागदावर शिव आठ दिवस." मी रोज जाऊन रद्दीवर शिवलं. मी शाळेत गेलेली नाही. ओळीवर ओळ भोकं पाडता पाडता त्या कागदांवरची अक्षरं लावायला शिकले, ती माझी शाळा. एक दिवस पाय आणि हात आपापलं काम करायला लागले आणि शिवण सलग धावली. तेव्हा मला जे वाटलं ते तुला खरं सांगते. टोप्यांचं सुख झालं, पण त्याहून जास्त हे वाटलं की घरात एक तरी वस्तू अशी येईल जी आधी थोरलीची नव्हती.

पण जुनं दिल्याशिवाय नवं येणार नव्हतं. दुकानाचा माणूस रविवारी यायचा, जुनं उचलायचा आणि नवं ठेवायचा. म्हणजे तुझं ते एक्स्चेंज तेव्हाही होतं, तुम्हालाच सुचलं असं समजू नकोस.

तुझ्या आजोबांना विचारलं.

"तुझं तू ठरव," म्हणाले.

"तुमच्या मनात काय आहे?"

"मला काय टोप्या शिवायच्यात त्यावर?" असं म्हणून चपला घालायला लागले. पण बोलताना मशीनकडं बघितलं नाही. ते कधीच बघायचे नाहीत त्याच्याकडं.

सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला नगं इचारू. जिचं हाय तिला इचार."

थोरलीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून मी देव्हाऱ्यापुढं बसले. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून टाकाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. सासूबाई मागं हात जोडून उभ्या.

इथं जरा थांबते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आजोबांनाही नाही. डावी पाकळी मी चांगली भिजवली आणि अंगठ्यानं दाबून चिकटवली. उजवीला नुसतं ओलं बोट लावलं.

उजवी पडली.

"दिला की उजवा," सासूबाई म्हणाल्या. "मन मोठं व्हतं तिचं." आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी डोकं टेकवायला वाकले तर गळ्यातली पुतळी पुढं लोंबली आणि टाकाला लागून बारीक वाजली. मी तिथंच उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

रविवारी माणूस आला. जुनं मशीन उचलून टांग्यात ठेवलं. तुझी आई पायरीवर होती. तिनं उठून झाकणावर एकदा हात ठेवला, गाय विकताना पाठीवर ठेवतात तसा. रडली नाही. मी तिला गुळाचा खडा दिला, तोही तिनं घेतला. मला वाटलं, निभावलं.

नव्या मशीनचं काय सांगू. आगगाडी पुलावरून जाते तसा सलग आवाज. टोप्या अशा गोल यायच्या की परत यायचं नावच नाही. पंधरा दिवस मी सुखात होते. मग एका दुपारी शिवताना मध्येच ऐकू आलं, कट्ट. पाय थांबवला. सुई बघितली, बॉबिन बघितली, चाकाची वादी ताणून बघितली. सगळं जागच्या जागी. पुन्हा पाय मारला. चार बोटं शिवण गेली आणि कट्ट. रत्नागिरीच्या बाईला बोलावलं. तिनं हातभर शिवून बघितलं. "छे गो, लोण्यासारखं चालतंय. तुझ्या कानात मळ झालाय," म्हणाली. ती होती तोवर काही ऐकू आलं नाही. ती गेली आणि मी बसले की आलं.

आणि तुझी आई. पहिले काही दिवस ती पायरीवर यायची, डोळे मिटायची, मग उघडायची, परत मिटायची. पुढं येईनाशी झाली. नदीकडच्या भिंतीवर जाऊन बसायची. जेवण निम्म्यावर आलं. सासूबाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं आणि मग माझ्याकडं आल्या. दुपारच्या तीनचा सुमार असेल. मी मशीनवर होते.

"पोर म्हनती, आई येत न्हाई आता."

"कुठं येत नाही?"

"दुपारची. म्हनली, मी डोळं मिटून बसायची, आन आई मशिनीवर यायची. शिवायची. मी आत न्हाई बघायची, बघितलं की ती जाती. आता त्या नव्या मशिनीवर तिला येता येत न्हाई." एवढं बोलून सासूबाई तिथंच खाली बसल्या. "तुला ठावं व्हतं?"

"नाही."

"मला बी न्हाई," म्हणाल्या. मग बराच वेळ आम्ही दोघी त्या गठ्ठ्यातल्या टोप्या उगाच एकावर एक लावत बसलो.

म्हणजे बघ. गेलेल्या बाईला मी विचारलं, तेही फसवून. आणि जिचं खरंच काही जाणार होतं ती माझ्यापासून चार हातांवर पायरीवर बसली होती, तिला विचारावं असं घरातल्या एकालाही सुचलं नाही. पोराला काय विचारायचं, असंच होतं तेव्हा.

तुझे आजोबा कामावरून आले तेव्हा मी त्यांना पोरीचं सांगितलं. कौलाचं नाही. ते घास हातात धरून बसले. मग एवढंच म्हणाले, "परत मिळतं का बघू." दोन दिवसांनी दुकानाच्या माणसाला गाठून आले. मशीन तळेगावला गेलं होतं, स्टेशनजवळच्या एका मुसलमान शिंप्याकडं.

त्यांना रजा नव्हती. मीच तिला घेऊन दुपारच्या गाडीनं निघाले. गाडीत ती खिडकीशी बसली. देहूरोड गेल्यावर पहिल्यांदा बोलली, माझ्याकडं न बघता. "झाकण आपलंच असेल ना त्याला?"

"असेल की," मी म्हटलं.

शिंप्याचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. पांढरी दाढी, गळ्यात टेप. पुढं पायाची दोन मशीनं. म्हणाले, "या बाई, बसा. काय शिवायचं?"

"शिवायचं नाही चाचा. एक मशीन बघायचंय. आमचं होतं."

ते हसले. "बघा की. बघायला काय लागतं?" आणि मागच्या खोलीचा पडदा सारला. आत त्यांची बायको बसली होती, एक पाय लोडावर सरळ ठेवलेला. तिच्यापुढं आपलं मशीन. "हिचा पाय चालत नाही," चाचा म्हणाले, "पायाचं मशीन हिच्या काय कामाचं? म्हणून हे घेतलं. लोक हाताचं देतात, आम्ही शोधत फिरतो."

तुझ्या आईनं झाकण ओळखलं. झिजलेल्या वेलबुट्टीवरून बोट फिरवलं. बाई म्हणाली, "फिरव बेटी, घाबरू नको." तिनं दांडा धरला आणि फिरवला.

खर्र खर्र खर्र खर्र खर्र. कट्ट नाही.

तिनं हात काढून घेतला. "हे नाही."

"अगं हेच. वेल बघ की."

"हे नाही."

चाचांना वाटलं आम्ही त्यांच्यावर काही आळ घेतोय. घाईघाईनं म्हणाले, "तेच आहे बाई, कसम. चाकाचा एक दात गेला होता, झटका द्यायचं. मी दुसरं चाक बसवलं. बघा कसं चालतं, नव्याच्या तोंडात मारेल."

त्यांची बायको मात्र माझ्याकडं बघत नव्हती, पोरीकडं बघत होती. तिनं विचारलं, "आईचं होतं?" तुझ्या आईनं मान हलवली. बाई नवऱ्याला म्हणाली, "ते जुनं चाक कुठंय?"

"असेल डब्यात."

"बसवा."

"अगं, तीन लेंगे द्यायचेत संध्याकाळी."

"बसवा म्हणते ना. लेंगेवाला काय नागडा बसलाय?"

चाचा पुटपुटत गेले, डबा उपडा केला, पेचकस आणला. चांगलं मशीन खोलून त्यांनी त्यात मोडकं चाक घातलं. असं काम करताना मी दुसरा कारागीर बघितलेला नाही. झाल्यावर म्हणाले, "घे बेटी. केलं लंगडं."

ती पुढं झाली नाही. माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "तू चालव. मी बाहेर बसते."

मला तिनं पहिल्यांदा काही करायला सांगितलं ते हे.

ती दुकानाच्या पायरीवर जाऊन पाठमोरी बसली. बाईनं एक लेंग्याचा पाय माझ्यापुढं सरकवला, "रिकामं नको चालवू, शिवण घाल," म्हणाली. मी दांडा धरला. त्याच्या लाकडी मुठीवर एके ठिकाणी खळगा पडलेला होता, कुणाच्या तरी अंगठ्यानं. घरी मी वर्षभर तेच मशीन चालवलं होतं, पण तो खळगा मला त्या दिवशी कळला. माझा अंगठा त्यात नेमका बसला.

खर्र खर्र खर्र, कट्ट. खर्र खर्र खर्र, कट्ट. गळ्यातली पुतळी हलत होती. मागं कुणी उभं आहे असं मला नेहमी वाटायचं, ते त्या वेळी वाटलं नाही. मागं कुणी नव्हतं. आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मग ती कुठं होती?

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "आई."

मोठ्यानं नाही. घरात कोण आहे का बघायला पोरं हाक मारतात तशी. मी हात थांबवला नाही. थांबवला तर पोर फिरून बघेल, आणि बघितलं की थोरली जाते. मी फिरवत राहिले आणि म्हणाले, "ओ."

तो आवाज माझ्या घशातून आला एवढं मला माहीत आहे. चाचांची बायको एकदम माझ्याकडं बघायला लागली आणि मग तिनं मान खाली घातली.

शिवण संपली. मी बाहेर आले तर तुझी आई डोळे उघडे ठेवून बसली होती, काडीनं मातीत रेघा ओढत. म्हणाली, "झालं?"

"झालं."

"चल मग."

चाचा दारात आले. म्हणाले, "न्यायचं असेल तर न्या बाई, मी दुसरं बघतो." मी पोरीकडं बघितलं. तिनं पडद्याकडं बघितलं, आत लोडावर ठेवलेल्या पायाकडं. म्हणाली, "त्यांना लागतं." मग चाचांनी पुन्हा मशीन खोललं, चांगलं चाक बसवलं आणि दात पडलेलं ते लाल चिंधीत गुंडाळून तिच्या हातात दिलं. गाडीत तिनं ते मुठीत धरलं होतं. घरी येऊन हातपायही न धुता देव्हाऱ्याशी गेली आणि टाकाशेजारी ठेवलं. ओवळ्यानं देवाला कुणी हात लावला तर सासूबाई घर डोक्यावर घ्यायच्या. त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी आत येऊन बसायला लागली. माझ्या टोप्यांचे दोरे कापायची. हाक मारायला लागली ती "अगं" म्हणून. तू लहानपणी विचारायचीस ना, आई तुला आई का म्हणत नाही, नुसतं अगं का म्हणते. एवढं मिळालं त्यात मी खूश होते. पण ती तळेगावची हाक मनात अडकून राहिली. कौलात मी थोरलीला फसवलं, आणि "ओ" म्हणून तिच्या लेकीची हाकही घेतली का? की हाक मलाच होती? ती सहा वर्षांची पोर पाठमोरी बसली होती. तिला पक्कं ठाऊक होतं आत कोण चालवतंय. तिनंच तर बसवलं होतं मला.

इतक्या वर्षांत मी विचारलं नाही. ती सासरी गेली, तू झालीस, सासूबाई गेल्या, तुझे आजोबा गेले. पायाच्या मशीनवर मी बसते कुठं आता, पाय उचलत नाही. त्यावर चादर टाकून ठेवलीय. तरी दुपारी तीनच्या सुमाराला एकदा ऐकू येतं. कट्ट. डॉक्टर म्हणतात कान म्हातारे झाले. म्हातारे झाले म्हणजे कमी ऐकू यायला हवं ना?

तेव्हा पायाचं मशीन तू खुशाल घेऊन जा. मोटरवालं आण, मी बटण दाबून बघेन, उलटं फिरलं तर हसू नकोस. पण देव्हाऱ्यात टाकाशेजारी जे आहे ते कुणाच्या एक्स्चेंजमध्ये नाही. ते तुझ्या आईच्या हातात द्यायचंय. देताना पाकळीचं सांगायचंय आणि एक विचारायचंय. फोनवर मला ते जमणार नाही. ती म्हणेल गुडघे दुखतात, प्रवास नको. तिला म्हणावं, पायरी आहे तिथंच आहे, चौकटीला पाठ टेकून बसायचं फक्त. तिला घेऊन ये गं. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या, पण त्याच्या पुढं ढकलू नकोस. दुपारी तीनच्या आत या.